न्यायला की सोडायला

डहाणू,
१० मार्च २०१९

प्रिय दीप्ती,

हे पाकीट हातात पडलं की आधी तू माझं अक्षर ओळखशील आणि मग घाबरून भावाला, शैलेशला, फोन करशील, की आईने पत्र का लिहिलं, आईला काय झालं. काही झालेलं नाही. तब्येत ठीक आहे. घर उभं आहे. परवा पुन्हा भूकंपाचा एक धक्का बसला, मांडणीवरून रव्याचा डबा पडला, एवढंच. तेव्हा फोन करू नकोस. खोलीचं दार लावून घे, नीट बस आणि ओळीने वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड मला माहीत आहे. या वेळी ती चालणार नाही.

बातमी अशी की मी शंखटिकरीला जाऊन आले. हो, तुझ्याच शंखटिकरीला. तू पुद्दुचेरीला प्रशिक्षणासाठी गेलीस, त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी निघाले. तिकिटं शैलेशने काढली. तुला कळवायचं नाही अशी तंबी त्याला मी दिली होती, त्याच्यावर चिडू नकोस. न सांगता गेल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. सगळी नोकरी मी शिक्षण खात्यात केली, त्यातली शेवटची अर्धी विस्तार अधिकारी म्हणून, तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवरच्या शाळा तपासत. आधी कळवून गेलं की अंगण सारवलेलं असतं, मुलांच्या केसांना तेल असतं आणि फळ्यावर सुविचार असतो. न कळवता गेलं की शाळा दिसते. मला शाळा बघायची होती.

दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, आई, इथले दोन हंगाम झाले, आता मी इथेच राहते. गावाने पाहुण्यांचं काम बघणाऱ्या समितीत घेतलं की कमाईत माझाही वाटा आणि कामात माझीही पाळी. मी नाही म्हटलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीने अंदमानच्या कुठल्या टोकाला जाऊन पाहुण्यांना मासे दाखवायचे, हे मला पटत नव्हतं, आणि पालघरच्या एका कॉलेजात जूनपासून जागा रिकामी होणार होती. पण ही सांगायची कारणं झाली. खरं कारण पाणी. तू रोज उठून समुद्राखाली जातेस हा विचार डोक्यात आला की माझी भाकरी करपायची. मग नोव्हेंबरात इथली जमीन हलायला लागली आणि तुझे फोन उलटे सुरू झाले. आई, घर सोड. आई, शैलेशकडे वापीला जा. आई, माझ्याकडे ये. मी म्हणायचे, आधी तू पाण्यातून बाहेर ये. तीन-चार महिने आपण दोघी एकमेकींना बाहेर ओढतोय आणि दोघीही जागच्या हललेल्या नाही.

कमळी कामाला आली की रोज तुला विचारते. तिच्या पाड्यावर, तलासरीच्या अलीकडे, बऱ्याच घरांना भेगा गेल्या आहेत. तिला सरकारी तंबू मिळाला, तो तिने अंगणात उभा केला; आता रात्री माणसं तंबूत आणि कोंबड्या घरात. मी म्हटलं, हे काय गं, कोंबड्यांना घर आणि तुम्ही थंडीत? तर म्हणाली, “बाई, घर पडलं तं कोंबड्यांना पंख हायेत. मला हायेत का?” आणि तरीही सकाळी ती त्याच घरात चूल पेटवते, भांडी घासते, सारवते. वापीला कंपनीत तिचा भाऊ आहे, तिकडे का जात नाहीस म्हटलं तर मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मी जायची तयारी करत होते तेव्हा मागच्या ओट्यावर बसून ती ते सगळं निरखत होती. “तुमी तं पावसात घोटा भिजू देत नाय. समुद्रात काय करणार? पोरीला आणायला चालल्या ना, खरं सांगा.” मी म्हटलं, फक्त बघायला चालले. “बघायला जानारा हात हलवत जातो, बाई. तुमी तं पेटी भरली.”

पेटी म्हणजे चिकूची. आता हसू नकोस. मी कोण हे तिथे कळू द्यायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. नाव सांगितलं जयमाला सावे, म्हणजे माहेरचं. राहणार मुंबई. आलेली एकटी, पर्यटक म्हणून. सगळं चोख. आणि हातात काय, तर मागच्या वाडीतले चिकू, चीक पुसून, एकेक पेंढ्यात बसवून, वर वर्तमानपत्र घालून सुतळीने बांधलेली लाकडी पेटी. कुणाच्या घरी उतरायचं तर रिकाम्या हाताने जाणार कशी? चिकूची पेटी म्हणजे डहाणूचा पत्ताच, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. विमानतळावर सामान तपासणाऱ्या मुलाने पेटी उघडायला लावली, तर त्यालाही दोन दिले.

विमानं, रात्रभराची बोट, मग अर्धा दिवस बस आणि शेवटी ती डोंगी. तू ‘छोटी बोट’ म्हणायचीस. ती बोट नाही, ते खोडातून कोरलेलं परातीएवढं काहीतरी आहे, मागे इंजिन लावलेलं. मी मधल्या फळीवर बसून दोन्ही काठ घट्ट धरले आणि डोळे समोरच्या माणसाच्या मानेवर ठेवले. खारफुटीतून वळण घेत ती बाहेर पडली आणि त्याच वेळी तो माणूस वाकला, म्हणून मला समोर दिसलं. आपल्याकडे खाडी म्हटलं की राखाडी पाणी, चिखल, सुकत घातलेले बोंबील आणि त्यांचा वास. तुमची ती खाडी बघून मला पहिल्यांदा वाटलं की पाणीच नाही. डोंगी हवेत तरंगते आहे आणि तिची सावली खाली वाळूवर पडली आहे. सावली आमच्याबरोबर चालत होती. मी काठ सोडायला विसरले नाही, पण खाली बघितलं हे मान्य करते.

धक्क्यावर फुलमनी उभी होती, जिच्या घरी मी उतरणार होते ती. तिने माझी बॅग घेतली नाही, आधी पेटी घेतली. झाकण न उघडता पेटी नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं आणि पुढे चालायला लागली. खोली स्वच्छ होती. मी आत पाऊल टाकलं आणि सवयीने म्हटलं, “पहले खिड़कियाँ खोलो.” बाहेर ओट्यावर दोन बायका नारळ सोलत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबले आणि एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मला वाटलं माझं हिंदी चुकलं. तू तिथल्या मुलांना शेंगदाण्याएवढे डोळे करून, पाठीमागे हात बांधून, माझी शाळा-तपासणी करून दाखवतेस, आणि ती “पहिल्यांदा खिडक्या उघडा” यापासून सुरू होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. त्याबद्दल आपण समोरासमोर बोलू.

तुमच्याकडे हॉटेल नाही, पाहुणा गावाचा असतो, झोपायला एक घर आणि जेवायला पाळीने रोज वेगळं, हे तू सांगितलं होतंस आणि मला ती गैरसोय वाटली होती. प्रत्यक्षात मी तीन दिवसांत सगळा देश जेवले. फुलमनीकडे रांचीकडचा भात आणि पाल्याची भाजी, शेजारी मोहरीच्या तेलातली मासळी, त्यापलीकडे चिंचेचं आंबट सार आणि तिखट इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रत्येक घरी ताटासमोर घरची सगळी माणसं ओळीने बसायची आणि कुणीतरी सहज म्हणून विचारायचं, “मुंबई में चीकू होता है, आंटी?” मी म्हणायचे, बाजारात मिळतो. “हाँ, बाजार में,” असं म्हणून सगळ्यांना एकदम खोकला यायचा. मी मनात शेरा मारला: ग्रामस्थ सालस, पण खोकल्याची साथ दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमराने, फुलमनीच्या सासऱ्याने, मला उत्तरेकडचा किनारा दाखवायला नेलं. तो त्यांचा मुखिया आहे हे मला ठाऊक होतं. तू त्याला नाना म्हणतेस हेही. तिथे जमिनीवर, उन्हात, मैदानभर दगडी फुलकोबी पसरल्यासारखं काहीतरी होतं. करडं, ठिसूळ, पायाखाली करकरणारं. मी विचारलं, ही कसली खाण? तो म्हणाला, ही खाण नाही, हे प्रवाळ. सुनामीच्या सकाळी भूकंपाने ही सगळी बाजू माणसाच्या छातीएवढी वर उचलली गेली आणि पाणी सोडून बाहेर आली ती कायमची. आठवडाभर वास होता, म्हणाला. गावातले बरेच लोक पोर्ट ब्लेअरला निघून गेले. मी विचारलं, आणि तुम्ही? त्याने पाण्याकडे बोट केलं. “उधर वाला बच गया था ना.” जे वाचलं होतं त्याच्यासाठी थांबले. मी त्या मेलेल्या मैदानात उभी राहून कमळीच्या चुलीचा विचार करत होते.

आणि मग पाणी. तुला हेच वाचायचं आहे, म्हणून मी हे मुद्दाम उशिरा लिहिते आहे.

तुला आठवतं, आपण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, पण आपल्या घरात कुणाला पोहता येत नव्हतं. डहाणूचा समुद्र ओहोटीला इतका आत जातो की पाणी गाठायलाच अर्धा तास चालावं लागतं. तुझे बाबा स्टेशनातली ड्युटी संपवून तुला घेऊन त्या ओल्या चिखलात आत आत जायचे, शंख शोधायला. मी सुरूच्या झाडांखाली उभी राहून हाका मारायचे: पुरे, परत या, भरती येईल. तुम्ही दोघं बोटाएवढे दिसायचे. ते वारल्यानंतर तू एकटी जायला लागलीस आणि हाका मी त्याच मारत राहिले. शंखटिकरीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिले, अंगात ते नारिंगी जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, तेव्हा मला जाणवलं की आज सुरूखाली कुणी उभं नाही.

फुलमनी माझ्यापुढे एक पांढरं रबरी कडं धरून होती. मी ते दोन्ही हातांनी धरायचं आणि ती ओढणार. “मुँह डालो, आंटी. बस मुँह.” मी तोंड घातलं, नाकात पाणी गेलं, मी किंचाळले आणि किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फुलमनी म्हणाली, “दीदी बोलती है, साँस ऐसे लो जैसे गुस्सा पी रहे हो.” ते मला लगेच जमलं. आयुष्यभराचा सराव होता. ही कोण दीदी, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पहिल्यांदा मला काही दिसलं नाही, ऐकू आलं. सगळीकडून, जवळून आणि लांबून, मोहरी तडतडावी तसा आवाज. मला वाटलं कानात काहीतरी बिघडलं. मग कळलं की ते पाणीच आहे, म्हणजे पाण्यातले हजारो लहान जीव, आपापल्या घरात खुडबूड करणारे. इतकी वर्षं मी समजत होते की समुद्राचा आवाज म्हणजे लाटेचा. ती नुसती दारावरची थाप आहे, दीप्ती. आतल्या घराचा आवाज वेगळाच आहे.

आणि मग दिसलं. मी वर्णन करणार नाही असं ठरवलं होतं, कारण तू रोज बघतेस आणि माझ्याकडे तितके शब्द नाहीत. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आदल्या दिवशी जे मी करडं, मेलेलं, पायाखाली करकरताना पाहिलं होतं, तेच जिवंत होतं. तीच फुलकोबी, पण पिवळी, जांभळी, काही ठिकाणी पहाटेच्या आभाळासारखी निळी, आणि प्रत्येक फांदीच्या टोकावर प्रकाश. त्यातून मासे असे निघत होते जसे शाळा सुटल्यावर वर्ग रिकामे होतात. एक हिरवा-गुलाबी मासा दगड चावत होता आणि त्याच्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता! वाळूत एक शिंपला होता, परातीपेक्षा मोठा, आणि त्याच्या उघड्या ओठांवर निळं मखमल होतं. माझी सावली त्याच्यावर गेली आणि त्याने ओठ मिटले. माझी सावली कळणारा शिंपला. मी त्याला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

कासव आलं ते बाजूने, इतकं शांत की मला आधी वाटलं मीच हलते आहे. डहाणूला पावसाळ्यात किनाऱ्यावर लागलेली जखमी कासवं मी पाहिली आहेत. जमिनीवर तो प्राणी म्हणजे स्वतःचंच ओझं वाटतो, बघवत नाही. इथे त्याने एकदा पंख हलवला, हो, पंखच, आणि तो माझ्या खालून उडत गेला. जाताना त्याने एक डोळा वर करून माझ्याकडे बघितलं. मोठमोठे अधिकारी आणि मंत्री माझ्याकडे बघून गेले आहेत. इतक्या निवांतपणे, आणि तरीही इतकं नीट, कुणी बघितलं नव्हतं.

एक गोष्ट मला तुला नक्की सांगायची आहे. नोव्हेंबरपासून मी एक दिवसही सैल झोपले नाही. खुर्चीत बसले तरी तळवे फरशीवर दाबून बसते, जणू मी दाबून धरली तर ती हलणार नाही. पाण्यात गेल्यावर पाय फरशी शोधत होते. फरशी नव्हती. आणि मला धरलेलं होतं. फुलमनीने नाही, ती पुढे होती, पाण्याने. किती वेळाने कोण जाणे, माझ्या लक्षात आलं की माझे पाय काहीच दाबत नाहीयेत. मी त्या काचेच्या आत रडले. त्या काचेत रडायची सोय नाही, सगळं धूसर होतं. हे समितीच्या लक्षात आणून द्यायला हवं.

संध्याकाळी मोठ्या झाडाखाली सगळं गाव जमलं. मला वाटलं पाहुण्यांचा निरोपसमारंभ असेल, दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. सोमराने माझ्यासमोर एक थाळी ठेवली. थाळीत चिकू, माझेच, पिकलेले, चार फोडी करून. तो म्हणाला, “दीप्ती की माँ, अब बोलो. लेने आई हो या छोड़ने?”

मी म्हटलं, माझं नाव सावे. तेव्हा जो खोकला सुटला, त्याला गावात एकही अपवाद नव्हता. फुलमनीने सांगितलं की गेल्या वर्षी याच दिवसांत तू अशीच पेटी घेऊन आली होतीस, हीच सुतळी, हाच पेंढा, आणि त्यातल्या बियांची तुम्ही तिच्या घरामागे रोपं केली आहेत. कुणीतरी मला हाताला धरून तिथे नेलं. वीतभर उंचीची, काळपट हिरवी. आपल्या वाडीतली. म्हणजे मी धक्क्यावर उतरले त्या क्षणापासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी एका शब्दाने माझी फजिती केली नाही. पाहुणीने जे नाव सांगितलं ते तिचं नाव, असा तिथला रिवाज आहे म्हणे. तीन दिवस अख्खं गाव एका म्हातारीचं नाटक सांभाळत होतं.

मग सोमराने मला तो नियम सांगितला, जो तू मला कधीच सांगितला नाहीस. की शंखटिकरीत पहिले जे लोक आले, त्यांच्यातल्या कुणालाच सोडायला घरून कुणी आलं नव्हतं. कुणी पळून आलेला, कुणाला कंत्राटदाराने आणलेला, कुणाचं मागे घरच उरलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं की यापुढे जो कुणी इथे राहायला येईल, त्याला घरचं मोठं माणूस येऊन सोडून जाईल. त्या माणसाने घरोघरी जेवायचं, मुलगी जिथे काम करणार ते पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग झाडाखाली बोलायचं. तोवर कितीही वर्षं झाली तरी ती पाहुणी. “दीप्ती बोली, मेरी माँ नहीं आएगी, पानी से डरती है. हम बोले, तो फिर तू मेहमान है, बेटी. खा, पी, रह.” तू दोन हंगाम पाहुणी म्हणून राहिलीस आणि मला एकदाही ये म्हणाली नाहीस, म्हणजे अशी ये म्हणाली नाहीस. जमीन हलते म्हणून ये म्हणालीस. मला सोडायला ये, असं नाही म्हणालीस. माझा नकार तुला ऐकायचा नव्हता, की मला तो द्यायला लावायचा नव्हता, हे मी परतीच्या सगळ्या प्रवासात ठरवू शकले नाही.

मी सोमराला म्हटलं, उत्तर उद्या देते. एकदा बघून मी कधीच शेरा मारलेला नाही. त्याने मान डोलावली, जणू हेच बरोबर.

सकाळी फुलमनी मला आणखी आत घेऊन गेली, जिथे तुमच्या त्या लोखंडी चौकटी आहेत, तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे बांधून ठेवलेल्या. वरून त्या रोपवाटिकेसारख्या दिसतात. फुलमनीने बुडी मारून एका तुकड्याशेजारी आपलं बोट धरलं आणि वर येऊन सांगितलं, एवढं, एका वर्षात. एक बोट. तू लावलेलं. दीप्ती, मी पाड्यावरच्या शाळा बघितल्या आहेत. पहिलीत आलेली पुतळी नावाची मुलगी दोन वर्षं वर्गात तोंड उघडत नव्हती आणि तिसऱ्या वर्षी तिने मला उभं राहून विचारलं, “बाई, तुमी रोज का नाय येत?” एका वर्षात एक बोट म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आणि तू पाहुण्यांना मासे दाखवतेस असं मी लोकांना सांगत होते.

त्या चौकटींच्या पुढे प्रवाळ संपतं. तुला माहीत आहे ती जागा. जमीन एकदम तुटते आणि खाली नुसतं निळं. त्याला तळ नाही, भिंत नाही, शेवट नाही. उन्हाचे पट्टे तिरपे खाली खाली जातात आणि कुठेतरी दिसेनासे होतात. तू रोज त्या कडेला जातेस. मला वाटलं होतं की ते पाहिलं की माझी भीती शंभर पटीने वाढेल आणि मी तुला कान धरून परत नेईन. वाढली, खोटं सांगत नाही. पण त्याच वेळी माझे हात त्या रबरी कड्यावरून सुटले होते आणि मी ते निळं बघत तशीच पडून राहिले, आणि मला परत या अशी हाक मारायचं सुचलं नाही. फुलमनीलाच मला दोनदा हाक मारावी लागली.

झाडाखाली मी उभी राहिले. आधी कामाचं बोलले: तीन जाकिटांचे पट्टे झिजलेत ते बदला, औषधांची पेटी कुलपात ठेवू नका, पाहुण्यांच्या खोल्यांच्या खिडक्या सकाळी उघडत चला. या वेळी कुणी खोकलं नाही, सगळे मोकळेपणाने हसले. आणि मग मी ते बोलले जे बोलायला, आता कळतं, मी पेटी भरली तेव्हाच निघाले होते. कमळीला ते माझ्याआधी दिसलं होतं. परत आल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, “मंग? आनलं नाय ना पोरीला? मला म्हाईत होतं. चिकू देऊन कोन पोर घेऊन येतं?”

मी डहाणू सोडणार नाही. जमीन हलते, हलू दे. माझी वाडी इथे आहे, कमळीचं अंगण इथे आहे, पाड्यावरची शाळा सध्या आंब्याखाली भरते आणि तिथे शिकवणारं कुणीतरी लागतं. मी आता बाहेर ओट्यावर खाट टाकून झोपते, एवढं तुझं ऐकलं. यापुढे तू मला ‘बाहेर ये’ म्हणायचं नाही आणि मी तुला म्हणणार नाही. कॉलेजच्या त्या जागेसाठी तुझं नाव मी सुचवलं होतं, ते काल स्वतः जाऊन मागे घेतलं.

आता हे पत्र का, तर ते असं. झाडाखाली मी बोलले ते सोमराला पुरेसं नव्हतं. घरचा शब्द गावाला मिळाला, तो मुलीला मिळायला हवा, आणि तोही घरूनच, हातच्या अक्षरात; गावातलं कुणी तुला आधी सांगणार नाही. मी म्हटलं, फोन करते. तो म्हणाला, फोनवर माणूस हो म्हणतो आणि मग नेटवर्क जातं. तू परतशील त्या दिवशी डोंगीतून उतरून आधी झाडाखाली जायचं, आणि हा कागद उभं राहून मोठ्याने वाचायचा. मी म्हटलं, अहो, मी मराठीत लिहिणार, तुम्हाला काय कळणार? तर म्हणाला, “भाषा कौन सुनता है? हम लोग मुँह देखते हैं.” तेव्हा सगळं वाचू नकोस, मी किंचाळले तो भाग गाळ, आणि काचेच्या आतला. एवढंच वाच: मी, जयमाला एकनाथ चुरी, माझी मुलगी दीप्ती हिला शंखटिकरीला सोडायला आले होते, तुमच्या घरोघरी जेवले, तुमचं पाणी पाहिलं, आणि तिला सोडून गेले. वाचताना आवाज खणखणीत ठेव आणि मान वर. रडायचं असेल तर रड. ते तुझं तोंड बघणार आहेत, मला ते इथून दिसणार नाही.

तुझीच,
सुरूखालून आता हाक न मारणारी,
आई